पूंगोडीच्या ताटातलं अंडं

वाल्पारै
८ नोव्हेंबर २०२०

पूंगोडी,

हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तुमच्या वॉर्डनबाई ते फोडून वाचणार, असं तुझ्या मैत्रिणींकडून कळलं. वाचू देत. वॉर्डनबाई, नमस्कार. मी अमलोर्पवम, वाल्पारैच्या सरकारी शाळेत खेळाची शिक्षिका. तुमच्या गिरणीच्या हॉस्टेलात राहणारी ही मुलगी माझ्या दहावीच्या वर्गातली आहे आणि पंधरा वर्षांची आहे. तिने तुम्हाला अठरा सांगितलं असेल तर ती खोटं बोलली, आणि तुम्ही ते मानलं असेल तर तुम्हीही.

आता तू. कशी आहेस असं विचारत नाही, कारण तू उत्तर देणार नाहीस. कामाचं तेवढं लिहिते. दहावीच्या परीक्षेची नावं वीस जानेवारीला पाठवायची आहेत. फॉर्मवर विद्यार्थ्याची सही लागते, आणि ती दुसऱ्या कुणाला करता येत नाही. वीस तारीख हुकली की वर्ष गेलं. चहाच्या मळ्यातल्या मजुरांच्या लाइनीत राहणाऱ्या मुलीचं वर्ष गेलं की ती शाळेत परत येत नाही. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत एकही आलेली नाही. तुला सूत कातायची एवढी हौस असेल तर दहावी झाल्यावर कात, मी अडवणार नाही.

इकडे फोनवरची शाळा तशीच रखडत चाललीय. माझा आहार आणि व्यायामाचा तास सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि जेवणाच्या ताटाचा फोटो रोज ग्रुपवर. वरून आलेला मूळ पाठ तुला आठवतो ना? 'इमारतीच्या जिन्यावरून दहा वेळा वर-खाली करा, पाण्याच्या बाटल्या उचला, रोज एक वाटी फळांचे काप खा.' कुठली इमारत आणि कुठली फळं! मी त्यात जिन्याच्या जागी उंबऱ्यावर चढ-उतर केली, बाटल्यांच्या जागी सरपणाची मोळी केली, फळांच्या जागी कुंपणावरचा शेवग्याचा पाला घातला. मळ्यात पळायला सांगावं तर बिबट्या, घरात उड्या माराव्यात तर भिंतीपलीकडचा म्हातारा ओरडतो. म्हणून जागच्या जागी पळणं, तेही म्हाताऱ्याची झोप झाल्यावर. एवढं डोकं मी त्या पाठासाठी चालवलं. कुणी नावाजलं नसतं तरी मी चालवलं असतं.

ते अंड्याचं जे झालं, ते मनातून काढून टाक. 'सोबत जेवण' हा त्या दिवशीचा पाठच होता. कुणातरी एकीला अंडं सोलून दाखवायचं होतं, तुझं नाव आधी तोंडात आलं, एवढंच. मुली हसल्या. मुली हसतातच. त्यासाठी कुणी घर सोडून गिरणीत जात नाही.

उत्तर पाठव. वॉर्डनबाई तिला एक कार्ड देतील अशी आशा आहे.

अमला टीचर

वाल्पारै
२२ नोव्हेंबर

पूंगोडी,

उत्तर आलं नाही. म्हणून रविवारी तुमच्या लाइनीत गेले. तुझी आई पानं वजनाला घालून परत येत होती. पाठीवरची पाटी तशीच होती. मला बघून ती दारातच थांबली.

"आता काय बघायचं राहिलंय टीचर? ताट? या, दाखवते."

"पेच्चियम्मा, मी भांडायला नाही आले."

"मग मी भांडते. बसा."

बसले. तिने चहा दिला, साखर जास्त घातली, आणि मग भांडली. तुला सांगते, शाळेच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोरही मी एवढी गप्प बसलेली नाही.

म्हणाली, "जुलैत माझ्या धाकटीला न्हाण आलं. तुम्हाला ठाऊक आहे?"

मी म्हणाले, "वेण्णिलाला? मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही ग्रुपवर टाकलं असतंत."

वेण्णिला आत चुलीपाशी होती, ती फिसकन हसली. मग तुझ्या आईने तिला पाणी आणायला पिटाळलं.

पोरी, ते सगळं मला समजावून सांगायची गरज नव्हती. मीही लाइनीतलीच आहे. आमच्या घरात भिंतीवर मेरीमाता आहे, पण न्हाण आलं की रोज सकाळी कच्चं अंडं आणि वर तिळाचं तेल, हे आम्हालाही चुकत नाही. माझ्या आत्याने माझं नाक दाबून ते घशात ओतलं होतं. वर कळी, म्हणजे उडदाच्या पिठाचा गूळ घातलेला घट्ट गोळा. कंबर पक्की होते म्हणायची, आणि झाली खरी, आजही मी चाळिशीत तुम्हाला धावायला लावते. सोळा दिवस करायचं असतं ते. अंडी, तेल, उडीद, नवी साडी, सगळं मामाने आणायचं.

तुमचा मामा घाटाखाली उडुमलैला अडकलेला. घाटाच्या तोंडाशी नाका, पासाशिवाय कुणाला वर सोडत नव्हते. वेण्णिलाच्या शाळेची अंडी त्या महिन्यात वर चढलीच नाहीत. शाळेतल्या जेवणाऐवजी मिळणारी तुझी दहा अंडी तेवढी घरात होती.

"पूंगोडीच म्हणाली, माझी आहेत ना दहा," तुझी आई म्हणाली. "मामा नाही तर नाही, नऊ दिवस तरी करू. नऊ सकाळी नऊ अंडी दिली."

"आणि दहावं?"

"दहावं तुमच्यासाठी ठेवलं, टीचर. फोटोसाठी."

मी चहा संपवला. तुझी आई पुढे म्हणाली, ते दहावं अंडं चुलीवरच्या फळीवर टोपलीत असायचं. रोज दुपारी तू ते उतरवायचीस, भातावर ठेवायचीस, फोटो काढायचीस आणि परत टोपलीत. कच्चंच. उकडलं असतं तर चार दिवसांत वास मारला असता, म्हणून उकडलं नाही. वेण्णिलाला हात लावायची बंदी होती.

मला याची काहीच कल्पना नव्हती, पूंगोडी. असती तर मी तसं केलं असतं का? तुला त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. पण तू एका शब्दाने मला सांगितलं असतंस तर मी माझ्या घरून अंडी आणून दिली असती. तू सांगितलं नाहीस, हा तुझाही दोष आहे.

जाताना तुझी आई म्हणाली, गिरणीसाठी मुली नेणारी ठेकेदारीण आली तेव्हा आईने नको म्हटलं होतं, तू स्वतःच गाडीत जाऊन बसलीस. मागे वळूनही बघितलं नाहीस. 

वीस जानेवारी. विसरू नकोस.

अमला टीचर

वाल्पारै
६ डिसेंबर

पूंगोडी,

तुझं कार्ड आलं. दोन ओळींचं. पण ते वॉर्डनबाईंच्या शिक्क्यासकट आलं, म्हणजे त्यांनीही ते वाचलंय, आणि आता मला तुम्हा दोघींना तोंड द्यायचंय.

'टीचर, तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही फोटो बोटांनी मोठा करून बघता, सगळ्या मुलींना माहीत आहे.'

तीन दिवस मी हे कार्ड बायबलात ठेवून दिलं. आधी वाटलं लिहावं, 'वेडी आहेस का? साठ मुलींचे फोटो मी कशाला मोठे करून बघेन?' तसं लिहायला घेतलंही. अर्धं पान लिहून फाडलं.

तर ऐक. मला सहाव्या दिवशी कळलं. अंड्याच्या वरच्या टोकाशी तपकिरी ठिपका होता, तांदळाच्या दाण्याएवढा. सोमवारी होता, मंगळवारी होता, बुधवारीही त्याच जागी. कोंबडी रोज एकाच ठिकाणी ठिपका देत नाही. मी मागचे फोटो काढून शेजारी शेजारी लावले आणि हसले. खरंच हसले. म्हटलं, हुशार आहे कार्टी.

मग मी तुझ्या फोटोखाली चांगल्या ताटाचा तारा दिला. त्या दिवशीही, दुसऱ्या दिवशीही, त्यानंतर रोज.

का दिला ते सांगते. पहिल्या दिवशी तू नुसता भात आणि रसम पाठवलंस, तेव्हा मी सगळ्या ग्रुपला ऐकू जाईल असं बोलले होते, 'पूंगोडी, हे ताट आहे की डबकं? सरकारने दिलेली अंडी कुणाच्या पोटात जातात?' त्यावर पंधरा-वीस हसरे चेहरे आले. दुसऱ्या दिवसापासून अंडं आलं. मला वाटलं, बघा, माझ्या बोलण्याचा गुण. आणि मग सहाव्या दिवशी तो ठिपका. पण तोवर मी तक्ता वर पाठवला होता. वर्गातल्या शंभर टक्के मुली रोज अंडं खातात. शिक्षणखात्याच्या साहेबांनी मला स्वतः फोन केला. 'डोंगरातल्या शाळेत शंभर टक्के? शाबास टीचर.' चौदा वर्षांत मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. चेंडू फाटले म्हणून लिहिलं तर वर्षभराने उत्तर येतं आमच्याकडे. तुझा एक तारा काढला असता तर तक्ता शंभरावरून खाली आला असता. नाही काढला.

आणि मी तुला पळवतही होते. रोज उंबऱ्यावर दोनशे चढ-उतर, शिवाय मंदिराच्या पायऱ्या. जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात तुझं नाव लागावं म्हणून. रसम-भातावर पळतेयस हे मला ठाऊक होतं, पूंगोडी. मुलगी अंडं खात नाही हे ठाऊक होतं आणि 'अजून पन्नास' असं मीच लिहीत होते.

आता तो दिवस. तुम्ही सगळ्या पाण्याच्या टाकीच्या वरच्या खडकावर बसला होतात, कारण फोनला रेंज मिळते ती तेवढीच जागा. ताटं मांडीवर, वारा सुटलेला, दोघींत एक फोन. साहेब मधेच तासात आले. म्हणाले, 'फोटो ठीक आहेत हो टीचर, पण मुली खरंच खातात ना?' मी आरोक्यमेरीचं नाव घेऊ शकले असते. तिच्या घरी कोंबड्या आहेत, ती रोज खाते, सगळ्यांना ठाऊक आहे. मी तुझं नाव घेतलं. म्हणाले, 'पूंगोडी, सोल आणि खा. साहेबांना दाखव.'

तुझं नाव आधी तोंडात आलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं. मी ते निवडून घेतलं. तीन आठवडे तू मला फसवत होतीस आणि मी फसवून घेत होते. दोन्हींचा राग तुझ्यावर काढायला मला साहेबांसमोरचीच वेळ मिळाली. मला वाटलं तू काहीतरी बहाणा करशील. पोटात दुखतंय म्हणशील, फोन बंद करशील. तू हुशार आहेस ना. तू खरंच ते ताटाच्या कडेवर आपटलंस.

माझ्या बाजूला नुसतं चित्र अडकलं. तुझा चेहरा तसाच थांबला, तोंड थोडं उघडं. मला वास येत नव्हता. मुलींचं ओरडणं आणि हसणं मात्र येत होतं. 'ई, सडकं!' असं कुणीतरी म्हणालं. भातावर सगळीकडे ते पसरलं होतं हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तुझ्या घरी तेवढाच भात होता, हे तर मला तुझ्या आईने त्या रविवारी सांगितलं. साहेब म्हणाले, 'नेटवर्क गेलं वाटतं,' आणि निघून गेले. मी म्हणाले, 'हो सर.'

मी तेव्हा तरी तुझ्या घरी यायला हवं होतं. आले नाही. लाज वाटत होती म्हणून आले नाही, आणि कारण सांगितलं साथीचं.

मला माफ कर, असं लिहायला मी आज बसले होते. लिहिलं.

अमला टीचर

वाल्पारै
२० डिसेंबर

पूंगोडी,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. या खेपेला पाच ओळी. प्रगती आहे.

'तुम्ही मला एकटीला सांगितलंत, तर मी काय करू? हसल्या त्या सगळ्या. मी अंडी चोरून विकली असं लाइनीत अजून म्हणतात. वेण्णिलाला चिडवतात. जिथे हसल्या तिथे जाऊन सांगा. मग मी पुढचं बघते.'

तुझी बाजू बरोबर आहे. आता माझी ऐक.

साहेबांनी माझा 'सोबत जेवण' पाठ उचलला आहे. जानेवारीपासून तालुक्यातल्या सगळ्या शाळांत तो लागू करायचा असं ठरतंय. मुलींनी कॅमेऱ्यासमोर जेवायचं, बाईंनी ताट तपासायचं. त्याची छापील पुस्तिका निघतेय आणि तिच्यावर माझं नाव आहे. मी आता सांगितलं की तक्ता खोटा होता आणि मला ते ठाऊक होतं, तर चौकशी लागेल. बदली होईल. माझी आई सत्त्याहत्तरची आहे, तिला घाटाची चाळीस वळणं उतरवता येत नाहीत. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. पण हेही आहेच ना?

दुसरं असं करू का? मी तुझ्या आईसमोर आणि वेण्णिलासमोर सगळं सांगते. मुख्याध्यापकांनाही हळूच सांगते. परीक्षेचा फॉर्म घेऊन मी स्वतः गिरणीच्या फाटकावर येते, तू बाहेर येऊन सही कर, बोलू नकोस माझ्याशी. एवढ्यावर भागणार नाही का?

हे वाचून तू काय म्हणशील मला माहीत आहे. तू काहीच म्हणणार नाहीस. तू कार्डच पाठवणार नाहीस.

परवा एक गोष्ट झाली ती सांगते आणि थांबते. तासात आठवीतली एक बारकी पोर होती, कवुसल्या नावाची. नवीन आलीय. ताटाचा फोटो पाठवला होता. मी सवयीने बोटांनी मोठा केला. भात, कारल्याची भाजी, अंडं. अंड्याच्या सावलीकडे माझं लक्ष गेलं. अंडं भातावर पडलेलं नव्हतं. ते आधीच्या फोटोतून कापून या फोटोत चिकटवलं होतं. आठवीतली पोर! तुझ्यापेक्षा पुढे गेली ती.

मी तिला तारा दिला नाही, बोललेही नाही. फोन बंद करून ठेवला. रागच आला मला, पण कुणाचा ते कळेना.

अमला टीचर

वाल्पारै
४ जानेवारी २०२१

पूंगोडी,

सांगितलं.

आज सकाळी खडकावर गेले. निरोप दिला होता की ताटं आणू नका, फोन आणू नका. तुमच्या लाइनीतल्या अकरा जणी आल्या, वेण्णिला तुझ्या जुन्या स्वेटरात आली, आणि मी न बोलावता चार बायकाही आल्या, कारण अमला टीचर टेकडी चढतेय म्हणजे काहीतरी तमाशा असणार. तुझी आई आली नाही. कामावर होती.

मी उभ्यानेच सांगितलं. पूंगोडीने अंडी विकली नाहीत, ती कुठे गेली ते वेण्णिलाला विचारा, आणि तिच्या न्हाणाला ज्या बायका आल्या नाहीत त्यांनी आधी स्वतःला विचारा. मग माझं सांगितलं. ठिपका, सहावा दिवस, तक्ता, साहेब, तुझं नाव मी मुद्दाम घेतलं ते. काही गाळलं नाही. आवाज मधे एकदा फाटला, तेव्हा मी खोकल्याचं नाटक केलं. एवढं एक नाटक मला करू दे.

मग आरोक्यमेरी रडवेली होऊन म्हणाली, "म्हणजे टीचर, माझे तारेपण खोटे?"

"तुझे खरे गं."

"पण खोटेपण तसलेच होते ना? मग माझे खरे कशावरून?"

मी वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिले.

मग दुसरी म्हणाली, "टीचर, माझं अर्धंच असायचं. अर्धं दादाला. कापलेली बाजू भातात पुरून ठेवायचे मी." तिसरी म्हणाली तिचं ताट शेजारच्या काकूंचं होतं, फोटो काढून परत द्यायची. एकीने सांगितलं की तिच्याकडे अंडं असायचंच, पण तिला आवडत नाही, ती ते कुत्र्याला द्यायची. यावर सगळ्या हसल्या. चार बायकाही हसल्या. मीही हसले, आणि मग माझ्याने राहवेना. खडकावर बसून मी रडले, पूंगोडी. सगळ्यांसमोर, तोंडाला पदर न लावता. एका बाईने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे टीचर, तुमचंही खरकटं निघालं एकदाचं." लाइनीतल्या बायका कुणाला सोडत नाहीत.

घरी येऊन साहेबांना पत्र लिहिलं. तक्ता खोटा आहे, मला ठाऊक होतं, पुस्तिकेतून पाठ काढावा, कॅमेऱ्यासमोर कुणाला जेवायला लावू नये. दुपारी त्यांना फोनवर वाचूनही दाखवलं. ते म्हणाले, "टीचर, सणाचे दिवस आहेत. तुमचं पत्र मला मिळालंच नाही असं मी समजतो."

मी म्हणाले, "मग दुसरी प्रत जिल्ह्याला पाठवते सर. ती तरी मिळेल कुणाला तरी." फोन ठेवला आणि पोस्टात गेले. पाठवली. पोस्टाची पावती माझ्याकडे आहे. बदली होईल की नाही माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

माझा तासही गेल्या बुधवारपासून बदललाय. ताटाचे फोटो बंद. आता मुलींनी आपापल्या आईला विचारून यायचं, घरात कुणाला काय आधी वाढतात आणि का, आणि ते फक्त स्वतःच्या वहीत लिहायचं. मी वह्या मागणार नाही. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "मग मार्क कसे देणार टीचर?" म्हटलं, देणार नाही.

हे सगळं केलं म्हणून तू यावंस असं मी म्हणत नाही. खरं तर म्हणतेच आहे, पण तसं म्हणायचा हक्क मला नाही. पोंगलला गिरणी सुट्टी देते असं ऐकते. सणाला घरी ये. वीस तारखेला फॉर्म जातील.

वॉर्डनबाई, तुम्ही एवढी पत्रं वाचलीत. तिला सुट्टी द्या.

अमला टीचर

वाल्पारै
२२ जानेवारी

पूंगोडी,

आता तू घरी परत आलीस, दोन टेकड्यांपलीकडे राहतेस आणि मी तुला पत्र लिहितेय. आपण बोलायचं नाही असं तू ठरवलंस, पत्राबद्दल तू काही म्हणाली नव्हतीस. हे मी वेण्णिलाच्या हाती देईन. वाचलं नाहीस तरी चालेल.

एकोणीस तारखेला शाळा उघडली. तुझी आई सकाळी ऑफिसात आली आणि तुझी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. चिठ्ठी मला पाठ झाली आहे. 'मी परीक्षा देणार. तुमच्या तासाला बसणार नाही, त्या वेळी मी वाचत बसेन. माझ्याशी बोलायचं नाही. माझं कौतुक करायचं नाही. वसतिगृहासाठी नाव पाठवायचं नाही. मी काय खाते ते बघायचं नाही.'

थोड्या वेळाने तू आलीस. वाळली आहेस. खोकतेस. केस कापलेत. फॉर्मवर सही करताना हात किती सावकाश चालला तुझा. मुख्याध्यापकांना 'वणक्कम सर' म्हणालीस, क्लार्कला म्हणालीस, माझ्या खुर्चीवरून नजर अशी नेलीस की तिथे कुणी बसलेलंच नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. पण फॉर्म वीसच्या पाकिटात गेला, आणि मी ते पाकीट पोस्टात टाकायला स्वतः गेले, कुणावर सोपवलं नाही.

जिल्ह्यातून मला पत्र आलंय, चौकशीला बोलावलंय. आईला सांगितलं. ती म्हणाली, 'घाट तर घाट, उतरू.'

काल मधल्या सुट्टीत मुली पायऱ्यांवर डबे उघडून बसल्या होत्या, लांब लांब, नियमाप्रमाणे. तू टोकाच्या पायरीवर, पाठ माझ्याकडे करून. माझी ड्युटी होती, मला सगळ्यांसमोरून जावं लागतं. चौदा वर्षांची सवय, माझी नजर आपोआप डब्यांत जाते. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तुझ्या पायरीशी आले तेव्हा तू झाकण उचललंस. तुझा हात थांबला. मी येतेय हे तुला कळलं होतं.

मी समोरच्या मैदानाकडे बघत पुढे गेले. तुझ्या डब्यात काय होतं ते मला माहीत नाही.

अमला टीचर